दुखणं रोजचं, तेल थेंबाचं

मान आखडणं, कंबर धरणं, रात्री पोटरीत गोळे येणं, डोकं ठणकणं ही दुखणी सहसा दवाखान्यापर्यंत जात नाहीत, घरातच निभावली जातात. आमच्या खानदेशी घरात त्यासाठी वनस्पतींची सुगंधी तेलं पूर्वापार आहेत. आता दुकानात तीच ‘इसेन्शियल ऑइल’ म्हणून छोट्या बाटल्यांत मिळतात. त्यांनी आराम पडतो, हे मी खात्रीने सांगते. पण या तेलांचा गुण थेंब मोजण्यात आहे, आणि पुढचं सगळं त्याच एका गोष्टीबद्दल आहे.

१. आधी तिळाचं तेल घ्या, मग सुगंधी.
तिळाचं तेल घाण्यातून निघतं. निलगिरी, लवंग, पेपरमिंट ही उडनशील तेलं पानाफुलांतून वाफेवर काढतात. ढीगभर पाल्यातून जेमतेम बाटलीभर तेल मिळतं, म्हणून ते इतकं तीव्र असतं. ते नुसतं अंगाला लावलं तर आग होते, पुरळ उठतं. ३० मिली तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात १२ थेंब, म्हणजे साधारण दोन टक्के, एवढं पुरतं. वयस्कर माणसांच्या पातळ त्वचेसाठी याच्या निम्मं घ्या. लवंगेचं तेल याहूनही जहाल, त्याचे तीनच थेंब टाका. नवं तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा.

२. दुखणं ओळखून तेल निवडा.
आखडलेल्या मानेला मी पेपरमिंट आणि निलगिरी लावते. पेपरमिंटमधलं मेन्थॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतं. त्वचा प्रत्यक्षात थंड होत नाही, पण मेंदूला गारवा जाणवतो आणि दुखण्याची जाणीव मागे पडते. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालेल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांनी गारवा ओळखणारा मज्जातंतूंतला हा दरवाजा मेन्थॉलच्याच मदतीने शोधला होता.

कंबर आणि गुडघ्यांसाठी आमच्याकडे रोशाचं तेल. रोशा हे डोंगरउतारावरचं सुवासिक गवत. पश्चिम खानदेशात त्याच्या भट्ट्या लागत, तेल मुंबईमार्गे परदेशी जाई आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. आपली माणसं मात्र ते संधिवाताच्या गुडघ्यांना चोळत आली. संध्याकाळी कोमट तिळाच्या तेलातून रोशा लावला की माझ्या सासूबाईंना उठबस सोपी जाते.

दाढ ठणकत असेल तर लवंग. तिच्यातलं युजेनॉल जागा बधिर करतं, म्हणून दंतवैद्यही तात्पुरत्या भरणात ते वापरतात. पातळ केलेल्या तेलात कापसाचा बोळा जेमतेम भिजवून दाढेला लावायचा, तेल गिळायचं नाही. रात्र निघते, पण दाढ किडलेलीच राहते. सकाळी दंतवैद्य गाठावाच लागतो.

३. डोकेदुखीला कानशिलांवर थोडंसंच लावा.
ताणाने कपाळ आवळल्यासारखं होतं तेव्हा पेपरमिंट खरंच कामाला येतं. १९९६ साली जर्मनीत झालेल्या एका चाचणीत कपाळावर लावलेलं दहा टक्के पेपरमिंट तेल पॅरासिटामॉलच्या तोडीचं ठरलं. घरी तेवढं तीव्र करायची गरज नाही, सौम्य लावूनही बरं वाटतं. बोट डोळ्यांजवळ नेऊ नका, लावल्यावर हात साबणाने धुवा. अर्धशिशीत मात्र वासच सहन होत नाही, तेव्हा बाटली उघडू नये.

४. गंधपुऱ्याला औषध माना.
लचक भरली, पाय मुरगळला की चोळायच्या बऱ्याच मलमांना ज्याचा वास असतो ते गंधपुऱ्याचं, म्हणजे विंटरग्रीनचं तेल. ते जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं, ॲस्पिरिनचंच भावंड. चमचाभर (५ मिली) तेलात ॲस्पिरिनच्या वीसएक गोळ्यांइतकं सॅलिसिलेट भरतं. एवढं पोटात गेलं तर लहान मुलाचा जीव जाऊ शकतो. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर हे तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. लावल्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, कातडी भाजते.

५. मुलांच्या बाबतीत हात आखडता घ्या.
कापूर, पुदिन्याचं फूल (म्हणजे मेन्थॉल) आणि ओव्याचं फूल एकत्र केलं की आपोआप पाणी सुटतं, तीच आपली अमृतधारा. मोठ्यांच्या सर्दी-डोकेदुखीला तिचा वास सुखाचा वाटतो. पण कापूर पोटात गेला तर लहानग्यांना झटके येऊ शकतात, आणि तान्ह्या बाळाच्या नाकाशी मेन्थॉल नेलं तर त्याचा श्वास अडखळू शकतो. बाटल्या कुलपात ठेवा. गरोदरपणातही डॉक्टरांना विचारूनच वापरा.

६. हाताला वेळ द्या.
तेलाचा गुण किती आणि हाताचा किती, हे वेगळं काढता येत नाही, काढायची गरजही नाही. दहा मिनिटं शांतपणे, हलक्या दाबाने चोळलं की आखडलेला स्नायू सैलावतो. घाईने रगडलं तर उलट जास्त दुखतं.

७. जुनं तेल फेकून द्या.
उघड्या बाटलीत हवा जाऊन तेल बदलतं आणि त्वचेला खाज सुटते. बाटली गडद काचेची, बूच घट्ट, जागा थंड आणि काळोखी असावी. घेताना वनस्पतीचं शास्त्रीय नाव छापलेलं पाहा. नुसतं ‘सुगंधी’ लिहिलेलं तेल अगरबत्तीच्या कामाचं.

८. काही दुखण्यांना तेल लावूच नका.
छातीतून डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, अचानक उसळलेली असह्य डोकेदुखी, कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, यात चोळत बसणं म्हणजे मोलाचा वेळ घालवणं. एकाच पोटरीला सूज आणि दुखरेपणा असेल तर तिथे मालिश नकोच, आत रक्ताची गुठळी असू शकते. सांधा लाल होऊन तापला, सोबत ताप आला, तरीही थेट डॉक्टर. आणि साधं दुखणंसुद्धा आठवड्यात उतरलं नाही, तर थेंब वाढवू नका, तपासून घ्या. रोजचं दुखणं सुसह्य व्हावं एवढंच या तेलांचं काम आहे, आणि तेवढं ती चोख करतात.