पडद्यावरचा आकडा आणि चेंबरमधलं ऑइल

माझ्या गाडीचं इंजिन बसायच्या बेतात होतं, तेव्हा समोरच्या पडद्यावर ‘पुढील सर्व्हिस 6,200 किमी’ असं दिसत होतं. त्या आकड्यावर विसंबून राहणारे पुष्कळ जण माझ्या ओळखीत आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

गाडी डिझेलची, पुण्यात सेकंड-हँड घेतलेली. नुकतंच ऑइल बदलल्याची गॅरेजची पावती कागदपत्रांबरोबर मिळाली होती. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढून वर आलो, वेग कमी केला आणि डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचा लाल दिवा लुकलुकला. गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद केलं. थोडा वेळ थांबून पट्टी काढून पाहिली, तर ऑइल दोन खुणांच्या बरोबर मध्ये. म्हणजे ऑइल कमी नव्हतं. तरीही गाडी पुन्हा सुरू न करता टो करून गॅरेजमध्ये नेली.

तिथल्या मिस्त्रींनी चेंबर उतरवला. तळाशी डांबरासारखा चिकट काळा थर बसलेला होता आणि ऑइल पंपाच्या तोंडाशी असते ती जाळी निम्म्याहून जास्त बुजलेली होती. त्यांनी थोडा थर बोटावर घेऊन अंगठ्याने चोळला. कचकच जाणवत होती. मग फिल्टर दाखवला. त्याच्यावर जुनी धूळ तेलात भिजून घट्ट झाली होती, कडेला गंज चढला होता. “नवीन फिल्टर असा असतो का साहेब? ऑइल बदललेलंच नाही. नुसतं रिसेट मारलंय कुणीतरी.” बेअरिंगवर ओरखडे उठायला सुरुवात झाली होती, पण क्रँक वाचला. लाल दिव्याकडे दुर्लक्ष करून आणखी काही किलोमीटर रेटली असती, तर पूर्ण इंजिनाचं काम निघालं असतं.

यातलं रिसेट प्रत्येक गाडीवाल्याने समजून घ्यायला हवं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांमधली सर्व्हिसची आठवण ही फक्त मोजणी असते. ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक महिने भरले की स्पॅनरची खूण किंवा संदेश येतो. चेंबरमध्ये काय आहे, याची त्या यंत्रणेला काही कल्पना नसते. एखादं बटण दाबून धरलं किंवा मेनूतून दोन पायऱ्या केल्या की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, ऑइल बदललेलं असो वा नसो. उलटही घडतं: ऑइल इमानदारीने बदलतात, रिसेट करायचं राहतं आणि गाडी नव्या ऑइलवर ‘सर्व्हिस करा’ म्हणत राहते.

काही गाड्यांत यापुढची यंत्रणा असते. जनरल मोटर्सने 1980 च्या दशकाच्या अखेरीस अशी पद्धत आणली. त्यात इंजिनाचे फेरे, तापमान, थंड इंजिन किती वेळा सुरू झालं हे सगळं धरून ऑइलचं उरलेलं आयुष्य टक्क्यांत काढलं जातं. अमेरिकेत होंडाच्या गाड्यांमध्ये 15 टक्के उरले की सूचना येते. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना ती ओळखीची असेल. हा हिशेब नुसत्या किलोमीटरपेक्षा कितीतरी बरा. पण बहुतेकदा तोही हिशेबच असतो, ऑइलची तपासणी नव्हे. चुकीच्या दर्जाचं ऑइल ओतलं किंवा ऑइल गळून निम्मं झालं, तरी टक्केवारी आपली सावकाशच उतरते.

आता किलोमीटरचंच बघा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना 10,000 किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, अशी मुदत असते. एक्स्प्रेसवेवर सरासरी 80 च्या वेगाने 10,000 किमी म्हणजे इंजिन 125 तास चाललं. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या गर्दीत सरासरी 15 पडली, तर तेवढ्याच अंतराला 660 तासांहून जास्त लागतात. पडद्याच्या लेखी दोन्ही गाड्या सारख्याच.

छोट्या फेऱ्या तर याहून वाईट. पेट्रोल जळताना त्याच्याइतक्याच आकारमानाचं पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यातलं थोडं पिस्टनच्या कडेने चेंबरमध्ये उतरतं. ऑइल नीट तापलं की ते उडून जातं, पण ऑइल तापायला इंजिनाच्या कूलंटपेक्षा जास्त वेळ लागतो. घर ते मंडई आणि परत एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत पाणी आणि कच्चं इंधन साचत राहतं. अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडून पाहा. आतून पिवळसर-पांढरा साका दिसला, तर ते ओलाव्याचं लक्षण आहे. निवृत्त माणसांच्या कमी फिरलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं, आणि ‘गाडी फिरलीच कुठे?’ म्हणून ऑइल दोन-दोन वर्षं तसंच राहतं. वर्षाची अट याच गाड्यांसाठी आहे.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला. ती काजळी जाळायला बऱ्याच इंजिनांत जादा डिझेल सोडतात आणि शहरातल्या तुकड्यातुकड्यांच्या प्रवासात त्यातलं काही ऑइलमध्ये मिसळतं. पट्टीवरची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ऑइल पातळ झालं आहे, ते बदला.

रंगावरून मात्र निकाल देऊ नका. डिझेल इंजिनात ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. सीएनजीवर ते बराच काळ स्वच्छ दिसतं, पण उष्णतेने आतून खराब होतच असतं.

गाडीच्या माहितीपुस्तकात खडतर वापरासाठी वेगळी मुदत दिलेली असते. गर्दी, धूळ, छोट्या फेऱ्या, सततचा घाट हे सगळं त्यात येतं. माझ्या मते आपल्या शहरांतल्या बहुतेक गाड्या याच रकान्यात बसतात. मी आता 5,000 किमी किंवा सहा महिने धरतो. पूर्ण इंजिन खोलण्याच्या खर्चापुढे एक जादा ऑइल चेंज काहीच नाही. दर्जा मात्र पुस्तकात लिहिलाय तोच, 5डब्ल्यू-30 म्हणजे 5डब्ल्यू-30, आणि फिल्टर दर वेळी नवा.

महिन्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी पाहा. पिवळा स्पॅनर दिसला तर त्या आठवड्यात सर्व्हिसिंग करता येईल. लाल झारी दिसली तर ऑइलचा दाब गेलेला आहे. इंजिन त्याच क्षणी बंद करायचं, पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतही न्यायचं नाही.

सेकंड-हँड गाडी घेतली असेल, तर पडदा आणि पावती काहीही सांगो, पहिल्याच आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या. जुनं ऑइल उतरताना तिथे उभे राहा, नव्या डब्याचं सील तुमच्यासमोर फोडायला लावा आणि रिसेट त्यानंतरच करू द्या.