ट्रॉलीवरील जुन्या टेपचा चिकटा कसा काढावा?

वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची मळणी दसरा-दिवाळीच्या आगेमागे होते आणि त्याच दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रात्रीची ये-जा वाढते. कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, वाशीम येथील बाजार समित्यांत सकाळी नंबर लागावा म्हणून बरेच शेतकरी अंधार पडल्यावरच माल भरून निघतात. समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टरला मज्जाव असल्याने ही सर्व वाहतूक गावरस्त्यांवरून आणि अकोला-मालेगाव-वाशीम-हिंगोली यांसारख्या जुन्या मार्गांवरून होते. ट्रॉलीचा मागचा दिवा बहुधा फुटलेला किंवा वायर तुटलेला असतो. अशा वेळी मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला पुढे ट्रॉली आहे हे सांगणारी एकच वस्तू उरते, ती म्हणजे फाळक्यावर लावलेली चमकणारी पट्टी. तिला आपण सर्व जण रेडियम म्हणतो. तिच्यात रेडियम नसते. बारीक काचमणी किंवा लोलक असतात आणि ते प्रकाश जिकडून आला तिकडेच परत फेकतात.

ही पट्टी उन्हाने चार-पाच वर्षांत, हलकी असल्यास त्याआधीच, फुटते व निस्तेज होते. मग शेतकरी बाजारातून नवी आणतात आणि जुन्या पट्टीवर किंवा तिच्या उरलेल्या चिकट्यावरच दाबून बसवतात. पहिल्या पावसात तिचे कोपरे उचलतात व दिवाळीपर्यंत पट्टी रस्त्यात कोठेतरी पडून जाते. दोष बहुतेक वेळा नव्या पट्टीचा नसून खालच्या न काढलेल्या चिकट्याचा असतो.

चिकटा म्हटले की कपाशीवरील मावा आठवतो, परंतु येथील चिकटा वेगळा आहे. टेपचा डिंक रबरापासून किंवा अ‍ॅक्रिलिकपासून केलेला असतो. तो वाळून चिकटत नाही, तर मऊ राहूनच पृष्ठभागाला धरून ठेवतो. ऊन व हवा लागून तो हळूहळू कडक होतो. म्हणून लग्नाच्या वरातीसाठी गाडीला लावलेली टेप दुसऱ्या दिवशी सहज निघते, पण मे महिन्याच्या उन्हात आठ दिवस राहिली तर वरचा कागद हातात येतो आणि डिंक रंगावर राहतो. त्यावर धूळ बसून काळा पट्टा तयार होतो. ही अडचण जुनीच आहे. अमेरिकेत मोटारी दोन रंगांत रंगवताना लावलेल्या चिकटपट्ट्या काढल्या की रंगच निघून येई. तो त्रास पाहून रिचर्ड ड्रू या तंत्रज्ञाने 1925 मध्ये रंगकामाची मास्किंग टेप तयार केली.

अगोदर पट्टी, मग डिंक

काम दोन भागांत करावे. पट्टी ओढून काढण्यासाठी उष्णता हवी, तर डिंक पुसण्यासाठी सावली हवी. बरेच जण दोन्ही कामे एकदमच करू पाहतात व कंटाळून खुरपे हाती घेतात.

ट्रॉली प्रथम धुऊन घ्यावी, अन्यथा मातीचे कण घासले जाऊन रंगावर ओरखडे पडतात. नंतर ती उन्हात उभी करावी. पत्रा हाताला चांगला गरम लागू लागला की पट्टीचे एक टोक नखाने उचलावे आणि पट्टी स्वतःवरच दुमडत, पत्र्यालगत, हळूहळू ओढावी. बाहेरच्या बाजूला झटका दिल्यास ती तुटते. हिवाळ्यात किंवा ढगाळ दिवशी गरम पाण्यात बुडवून पिळलेले तरट पट्टीवर पाच-दहा मिनिटे ठेवावे. टेंभा, गॅसची शेगडी अथवा वेल्डिंगवाल्याची ज्योत वापरू नये. रंगाला फोड येतात आणि जवळ डिझेलची टाकी असते हेही विसरता कामा नये.

फुटलेली पट्टी खपल्या-खपल्यांनी निघत असेल तर जुनी प्लॅस्टिकची फणी किंवा निरुपयोगी झालेले प्लॅस्टिकचे कार्ड तिरपे धरून खरवडावे. खुरपे, पाते किंवा लोखंडी पत्री वापरल्यास रंग फाटतो व तेथूनच गंज सुरू होतो. नंबरप्लेट किंवा नावाची अक्षरे जाड स्पंजाच्या दुहेरी टेपने बसवलेली असतील तर पोती शिवण्याचा मजबूत दोरा मागे घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढावा. अक्षर न मोडता सुटते.

चिकटा पुसण्यासाठी काय वापरावे?

येथे एकच सूत्र लक्षात ठेवावे: डिंक मऊ होईल परंतु रंग मऊ होणार नाही असा पदार्थ निवडावा. या कसोटीवर सर्वात सुरक्षित वस्तू स्वयंपाकघरातच आहे. खाण्याचे तेल, मग ते सोयाबीनचे असो वा शेंगदाण्याचे, कापडाने चिकट्यावर जाड लावावे व किमान अर्धा तास तसेच राहू द्यावे. तेल डिंकात मुरते, डिंक फुगतो आणि बोटाने चोळल्यास त्याच्या वळ्या होऊन निघतात. सोयाबीन तेलापासून केलेले मिथिल सोयेट नावाचे द्रावण परदेशात डिंक काढण्याच्या औषधांत वापरले जाते, म्हणजे आपल्या शिवारातील पिकाचा हाही एक उपयोग आहे.

तेलाने न निघणाऱ्या जुन्या, कडक चिकट्यासाठी डिझेल किंवा, मिळत असल्यास, रॉकेल वापरावे. औषधाच्या दुकानातील निलगिरीचे तेल याहून चांगले काम करते. ते महाग असल्याने लहान डागांपुरते ठेवावे. कापड भिजवून चिकट्यावर दहा मिनिटे चिकटवून ठेवणे हे जोराने घासण्यापेक्षा उपयुक्त ठरते. हे काम सावलीत, इंजिन थंड असताना, बिडी-काडीपासून दूर करावे. डिझेल टायरवर, रबरी नळ्यांवर किंवा वायरवर सांडू देऊ नये, कारण त्याने रबर फुगते. हातात मोजे घालावेत.

पेट्रोल शक्यतो टाळावे. त्याची वाफ जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. थिनर व नेलपॉलिश काढण्याचे औषध डिंकाबरोबर रंगही विरघळवतात. गावात पुन्हा रंगवलेल्या ट्रॉलीचा रंग तर एका पुसण्यातच कापडावर येतो. हेडलाइटच्या प्लॅस्टिक काचेवर थिनर वा पेट्रोल लागल्यास ती पांढरी पडते किंवा तडकते. तेथे फक्त साबण-पाणी व खाण्याचे तेल वापरावे. कीटकनाशकाच्या डब्यात उरलेले औषध डिंक काढते असा काहींचा समज आहे. त्यातील द्रावणामुळे डिंक निघतोही, परंतु विष कातडीतून शरीरात जाते. हा प्रयोग कोणीही करू नये.

कोणताही पदार्थ प्रथम आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहावा. कापडावर रंग उतरला तर तो पदार्थ सोडून द्यावा.

सर्व डिंक निघाल्यावरही पट्टीच्या जागी गडद चौकोन दिसतो. तो चिकटा नव्हे. झाकलेला रंग ताजा राहिला आणि भोवतालचा उन्हाने उडाला, एवढेच. तो घासत बसू नये.

नवी पट्टी लावताना

तेलाचा अंश राहिला तर नवी पट्टी मुळीच धरत नाही, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. भांडी घासण्याच्या साबणाच्या पाण्याने जागा दोनदा धुवावी व स्वच्छ पाणी ओतून पाहावे. पाणी सपाट पसरले तर जागा स्वच्छ झाली. थेंब-थेंब होऊन गोळा झाले तर तेल शिल्लक आहे, पुन्हा धुवावे. पूर्ण वाळल्यावर स्पिरिटने एक हात पुसून घ्यावा. गंज असल्यास खरवडून, प्रायमर व रंग देऊन, रंग आठवडाभर कडक होऊ द्यावा. गंजावर लावलेली पट्टी गंजासकट निघते.

पुढे पांढरी, बाजूंना पिवळी व मागे लाल पट्टी लावावी. मागे फाळक्याच्या दोन्ही टोकांपर्यंत लावल्यास मागच्याला ट्रॉलीची पूर्ण रुंदी कळते. कोपरे कात्रीने गोल करावेत आणि मधून कडेकडे कापडाने जोरात दाबावे. पहिला एक दिवस धुऊ नये. तेल व डिझेलची कापडे गोळा करून गोठ्यात टाकू नयेत. मोकळ्या जागी पसरून वाळवावीत, कारण ढिगात ती आपोआप तापू शकतात.

त्याच रात्री ट्रॉलीपासून पन्नास पावले मागे जाऊन बॅटरी डोळ्याजवळ धरावी व फाळक्यावर प्रकाश टाकावा. बॅटरी कमरेजवळ धरल्यास चांगली पट्टीही मंद दिसते, कारण परत येणारा प्रकाश बॅटरीकडेच जातो. पट्टीचा जो भाग उजळत नाही, तो माती पुसून पुन्हा पाहावा आणि तरीही अंधारा राहिला तर तेवढाच तुकडा बदलावा. काढणीच्या हंगामात ही तपासणी दर आठवड्याला, ट्रॉली भरण्यापूर्वी करावी.