अवयवदान : संमती कोणाची आणि कधी

अवयवदानाची संमती भारतात गृहीत धरली जात नाही, ती मागून घ्यावी लागते. स्पेनमध्ये १९७९ पासून आणि इंग्लंडमध्ये मे २०२० पासून उलटी पद्धत आहे. ज्याने हयातीत नकार नोंदवलेला नाही त्याची संमती आहे असे तिथला कायदा मानतो, तरी प्रत्यक्षात तिथेही नातेवाइकांना विचारले जातेच. भारतातला मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. ४ फेब्रुवारी १९९५ रोजी तो लागू झाला तेव्हा महाराष्ट्र आणि गोवा ही त्यात सुरुवातीपासून सामील झालेली राज्ये होती. मूत्रपिंडांची खरेदी-विक्री थांबवणे आणि मेंदूमृत्यूला कायद्याने मान्यता देणे ही त्याची दोन मुख्य कामे. २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतीही आल्या आणि २०१४ मध्ये नवे नियम झाले.

जिवंतपणी दान करणारा माणूस १८ वर्षे पूर्ण केलेला आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकणारा असला पाहिजे. कायद्यातला ‘जवळचा नातेवाईक’ आणि घरातला जवळचा नातेवाईक यांत मात्र फरक आहे. पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडे एवढेच कायद्याने जवळचे. मामा, आत्या, काका, सासू, दीर, मेहुणा, चुलत-मावस भावंडे कितीही जिव्हाळ्याची असली तरी त्या यादीत नाहीत. त्यांना किंवा मित्राला अवयव द्यायचा असेल तर प्रकरण प्राधिकार समितीपुढे जाते. मुलाखत घेऊन समिती एवढेच पाहते, की हे दान मायेपोटी आहे की पैशापोटी. अवयवांचा व्यवहार सिद्ध झाल्यास ५ ते १० वर्षे कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड होतो, आणि पैसे देणारा, घेणारा व दलाल हे सगळेच त्यात येतात.

पैशाचा दबाव समितीला शोधता येतो, घरातला दबाव शोधणे अवघड. देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच जास्त आहे, आणि अवयव मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. पत्नीने पतीला, आईने मुलाला मूत्रपिंड देणे हे प्रेमाचेच काम असते, पण ‘तिनेच द्यायचे’ हे आधीच ठरलेले असेल तर त्या कागदावरच्या सहीला संमती म्हणता येत नाही. नियम करणाऱ्यांनाही हे जाणवलेले दिसते. दाता स्त्री असेल तर तिची ओळख आणि स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीने पडताळावी, अशी स्पष्ट तरतूद २०१४ च्या नियमांत आहे. शस्त्रक्रियेतले धोके आणि नंतरचे परिणाम दात्याला समजावून सांगणे डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे. मनात शंका असेल तर दात्याने डॉक्टरांना एकट्याने भेटावे आणि ती बोलून दाखवावी. दिलेली संमती शस्त्रक्रियेपूर्वी मागे घेता येते आणि त्यासाठी कोणालाही जाब द्यावा लागत नाही.

मृत्यूनंतरच्या दानात सगळ्यात जास्त गोंधळ ‘ब्रेन डेड’ या शब्दाभोवती होतो. व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होत असते, अंग कोमट असते, मॉनिटरवर ठोके दिसत असतात. अशा माणसाला मृत कसे म्हणायचे, हा नातेवाइकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. कोमातल्या रुग्णाचा मेंदू काही प्रमाणात काम करत असतो आणि तो शुद्धीवर येऊ शकतो. ब्रेन डेड माणसाचा मेंदूस्तंभ मृत झालेला असतो. तो मृत झाला की श्वासाचे केंद्रच नष्ट होते, आणि तिथून कोणी परत येत नाही. म्हणून कायद्याने खात्रीची कडक पद्धत घालून दिली आहे. चार डॉक्टरांचे मंडळ तपासण्या करते, त्यात मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक असतो. तो उपलब्ध नसेल तर भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ चालतो. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातले कोणी या मंडळात नसते. तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. त्यातली निर्णायक तपासणी श्वासाची. ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटरचे श्वास थांबवतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. मेंदूस्तंभात थोडा जरी जीव असेल तर शरीर श्वासासाठी धडपडते. ती धडपड दोन्ही वेळा दिसली नाही आणि बाकीच्या तपासण्यांनीही तेच सांगितले, तरच नमुना १० वर चौघांच्या सह्या होतात. हा कागद डॉक्टरांकडून समजावून घेण्यात नातेवाइकांनी संकोच करू नये.

यानंतर संमतीचा प्रश्न येतो. हयातीत दोन साक्षीदारांसमोर लेखी इच्छा नोंदवलेली असेल तर कायद्याच्या भाषेत तेवढा अधिकार पुरेसा आहे. ती इच्छा नंतर मागे घेतली नव्हती एवढेच पाहायचे. नोंद नसेल आणि नकारही नसेल, तर मृतदेहाचा कायदेशीर ताबा असलेली व्यक्ती, म्हणजे बहुतेक वेळा घरचेच, नमुना ८ वर संमती देऊ शकतात. मृत व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर आई किंवा वडील यांपैकी एकाचा अधिकार पुरतो. व्यवहारात मात्र डोनर कार्ड असले तरी कुटुंबाचा नकार डावलून कोणतेही रुग्णालय अवयव काढत नाही. ही प्रथा कायद्याच्या अक्षराशी जुळत नसली तरी योग्यच आहे. दुःखात बुडालेल्या घराशी भांडून मिळवलेल्या अवयवामुळे दानावरचा लोकांचा विश्वासच उडेल.

अतिदक्षता विभागातल्या संभाव्य दात्याच्या नातेवाइकांना दानाचा पर्याय सांगणे २०११ च्या दुरुस्तीपासून रुग्णालयाचे कर्तव्य झाले आहे. हे काम प्रत्यारोपण समन्वयक करतो. त्याने विचारले म्हणजे उपचारांत हयगय झाली, असा अर्थ काढू नये. कोणते अवयव द्यायचे आणि कोणते नाही, हे कुटुंब ठरवू शकते. कोणाला द्यायचे हे मात्र त्याच्या हातात नसते. ते प्रतीक्षायादीनुसार ठरते, आणि महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांकडे ते काम आहे. दाता म्हणून देह सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा आणि नेण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. अपघाताच्या प्रकरणात पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन होतेच, पण त्यामुळे दान अडत नाही. शवविच्छेदनासाठी तोच अवयव तपासायचा नसेल तर तो काढता येतो, आणि नोव्हेंबर २०२१ पासून अवयवदानासाठी सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करता येते.

नेत्रदानाला मेंदूमृत्यूची गरज नसते. मृत्यू घरी झाला तरी साधारण सहा तासांच्या आत घरच्यांच्या संमतीने नेत्रपटल घेता येते. देहदान ही वेगळी गोष्ट आहे. तो देह शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासासाठी वैद्यकीय महाविद्यालयाला जातो. अवयव काढलेला देह महाविद्यालये सहसा घेत नाहीत, डोळे दिलेला देह मात्र घेतात.

अवयवदानाची इच्छा आता प्रत्यारोपणाचे काम पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाच्या साहाय्याने नोंदवता येते किंवा नमुना ७ कागदावर भरता येतो. कागदावरच्या दोन साक्षीदारांपैकी एक जवळचा नातेवाईक असावा, अशी कायद्याचीच अट आहे. ती सही त्याच माणसाची घ्यावी, ज्याला पुढे कधी अतिदक्षता विभागाबाहेर उभे राहून हो किंवा नाही सांगावे लागेल.