दोनच वेळा जेवावे काय?

आपल्या सावनेरात एकादशी, चतुर्थी धरणारे पुष्कळ. पण साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, बटाटे दिवसभर चालूच! अशाने वजन कसे उतरेल?

शेजारच्या काटोलचे आमदार राहिलेले डॉ. श्रीकांत जिचकार (निधन २००४) दिवसातून दोनदाच जेवा, असे सांगत. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ही रीत गावोगावी नेली. एक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे, मधे फक्त पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा.

धडधाकट माणसाला हे बहुधा सोसते. वजनही उतरते, पण ते कमी खाण्याने. रोज थोडे थोडे कमी खाल्ले तरी जवळपास तेवढेच उतरते, असे आम्ही म्हणतो.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र जपा. औषध तेवढेच अन् जेवण कमी, की रक्तातली साखर घसरते. घाम सुटतो, हातपाय कापतात, माणूस भोवळ येऊन पडतो. शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी पाजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. अशांनी आधी डॉक्टरला विचारावे. औषध किती घ्यायचे ते तेच ठरवतील.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढती मुले यांनी या वाटेला जाऊच नये. आणि उन्हात राबणाऱ्याने पाणी कधी सोडू नये, उपास कोणताही असो.