डांबरावरच्या रेषा आणि भिवंडीची हवा

भिवंडीची ख्याती एके काळी यंत्रमागांवर उभी होती. आता ती तितकीच, किंबहुना अंमळ अधिकच, गोदामांवर उभी आहे. माणकोली, काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे या गावांच्या शिवारांत, जेथे पूर्वी भाताची खाचरे होती, तेथे आज पत्र्याच्या छपरांची एक अखंड नगरी वसली असून, मुंबई-आग्रा रस्त्यावरून वळणारे मालमोटारींचे तांडे अहोरात्र तिच्या आवारांत शिरत असतात. ज्या आवारांतील वाटा डांबरी आहेत तेथे गाडीने कोठून आत यावे, कोठे उभे राहावे आणि पायी जाणाऱ्या हमालाने कोणत्या पट्ट्यातून चालावे, हे सांगणाऱ्या पांढऱ्या-पिवळ्या रेषा वेळच्या वेळी आखून घेणे हे व्यवस्थापकाच्या कर्तव्यांपैकी एक क्षुल्लक वाटणारे कर्तव्य होय. अशा एका आवाराचे दप्तर माझ्याकडे पुष्कळ वर्षे होते. त्या अनुभवातून जे कळले ते, ज्यांच्यावर हे काम पुढे येणार आहे त्यांच्यासाठी, येथे नमूद करीत आहे.

ज्या प्रसंगाने या विषयाकडे मला गंभीरपणे पाहावयास लावले तो आश्विनातला. एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून दसऱ्यानंतर तपासणी व्हावयाची होती, सबब दसऱ्याच्या आत रेषा पुऱ्या झाल्याच पाहिजेत असा मालकांच्या कचेरीतून हुकूम आला, मक्तेदाराने आकाशाकडे बोट करून, "पाऊस गेला, साहेब, आता कसली भीती?" असा निर्वाळा दिला, आणि जमीन अद्याप ओली आहे हा माझा लेखी शेरा फायलीत जागच्या जागी राहिला. आकाश खरोखरच निरभ्र होते. सायंकाळी रेषा अशा लखलखत होत्या की त्यांवरून कोणी चालू नये म्हणून मुकादमाने दोन्ही टोकांना रिकामी पिंपे आडवी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपे हलली, पहिला ट्रेलर आत आला आणि वळणावर त्याच्या मागल्या चाकांनी रंगाची साल उचलली. त्यातला तळहाताएवढा पापुद्रा मी उचलून पाहिला. वरून तो कोरडा, शुभ्र, निर्दोष होता. उलटा केला तर खाली डांबराची काळी चकाकी, बारीक चिखलाचा थर आणि त्यावर घामासारखे पाण्याचे कण. चाकाला चिकटलेला रंग प्रत्येक फेऱ्यागणिक एकेक ठसा उमटवीत पार फाटकापर्यंत गेला होता, आणि तपासणीस आलेल्या गृहस्थांनी रेषांच्या आधी ते ठसेच पाहिले.

मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खाते ८ ऑक्टोबर अशी धरते, आणि हस्त नक्षत्रही त्याच सुमारास संपते. पण ही तारीख आकाशाची झाली. भिवंडीची जमीन मूळची खाचरांची, कामवारी नदीच्या आणि खाडीच्या बाजूची सखल. तिच्यावर मुरमाचा भराव टाकून डांबर अंथरलेले. चार महिन्यांचे पाणी त्या भरावात मुरून राहते आणि पाऊस थांबल्यावरही डांबराच्या बारीक भेगांतून ते वर येत असते. त्यात ऑक्टोबरचे कडक ऊन काळ्या पृष्ठभागावर पडले की खालच्या ओलाव्याचे बाष्प होऊन ते वाट शोधू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण वर रंगाचे झाकण घातलेले असते! रंग निकृष्ट होता की मजूर अडाणी होते, यावर पुढे पुष्कळ जाबजबाब झाले. माझ्या मते रंगही ठीक होता आणि मजूरही. ऋतू चुकला होता.

डांबराचा ओलावा हाताने चाचपून कळत नाही, कारण वरचे पाणी उडून गेलेले असते. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. दीड-दोन फूट लांबरुंद जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा उन्हात डांबरावर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि पंधरा-वीस मिनिटांनी तो उचलावा; आतल्या बाजूस दव धरलेले दिसले तर रंगाचे डबे त्या दिवशी उघडू नयेत. ही परीक्षा आवाराच्या मध्यावर न करता उताराच्या तळाशी, गटाराच्या कडेला आणि एरवी सावलीत राहणाऱ्या जागी करावी, कारण रंग प्रथम निघतो तो तेथेच.

कार्तिकाच्या उत्तरार्धापासून माघापर्यंतचा काळ या कामास सर्वांत अनुकूल, यात संशय नाही. तथापि त्या काळाचाही एक छुपा शत्रू आहे, आणि तो म्हणजे दहिवर. निरभ्र रात्री डांबर आपली उष्णता झपाट्याने सोडून हवेपेक्षाही थंड होते, आणि खाडीकडची दमट हवा त्यावर दव होऊन बसते. सकाळी आठ वाजता मुकादम "ऊन आले" म्हणून घाई करतो. परंतु त्या वेळी पृष्ठभागावर दमटपणाचा एक अदृश्य पापुद्रा असतोच. जाणकारांचा दंडक असा की पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी अधिक असावे. ज्याच्याकडे मोजण्याची साधने नाहीत त्याने दहाच्या पुढे काम सुरू करावे आणि उन्हे कलण्यापूर्वी आटोपावे, म्हणजे रात्रीचे दव पडण्याआधी रंगाला घट्ट होण्यास अवकाश मिळतो. पाण्यात कालवलेल्या रंगांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी.

चैत्र-वैशाखात पाऊस नाही, दव नाही, म्हणून तो काळ निर्धोक मानणारेही पुष्कळ भेटतात. पण त्या दिवसांत दुपारी डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात जातो. आणि आपल्याकडे रस्त्यांसाठी सर्रास वापरले जाणारे व्हीजी-३० जातीचे डांबर मऊ पडण्याचा बिंदू प्रमाणानुसार किमान ४७ अंश एवढाच अपेक्षित असतो. अशा मऊ डांबरावर थिनरचा रंग लावला की वरची कातडी तत्काळ सुकते, आतले थिनर कोंडून फोड येतात, आणि डांबर विरघळून वर पाझरल्याने पांढरी रेषा तपकिरी होते. उन्हाळ्यात काम करणे भागच असेल तर ते सायंकाळी, जमिनीची धग ओसरल्यावर करावे. नव्याने अंथरलेल्या डांबराला तर कोणत्याही ऋतूत तीन-चार आठवड्यांची सवड द्यावी.

वाऱ्याविषयी थोडक्यात. दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटतो, आणि भिवंडीत तो डंपरांची धूळ व मागांवरून उडालेले कापसाचे तंतू घेऊनच फिरतो. ओल्या रेषेवर ते बसले की ती कायमची मळकट. फवाऱ्याने रंग मारणार असाल तर शेजारी उभ्या मोटारींवर पडणाऱ्या तुषारांची नुकसानभरपाईही हिशेबात धरा.

वितळवून लावण्याच्या थर्मोप्लास्टिक रंगाला हवामानाची बाधा नाही, असे विक्रेते छातीठोकपणे सांगतात. तो सुमारे २०० अंशांपर्यंत तापवलेला असतो आणि थंड होताच घट्ट होतो, हे खरे. पण ओलसर डांबरावर ओतल्यास खालच्या पाण्याची तत्क्षणी वाफ होऊन रेषेवर सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात, आणि पुढे तेथूनच तिचे तुकडे निघू लागतात. डब्यांवरील सूचनाही तारतम्याने वाचाव्यात. हवा १० अंशांखाली असता रंग लावू नये, हा इशारा थंड मुलखांसाठी मोलाचा असेल, भिवंडीत ती वेळ क्वचितच येते. उलट सुकण्याचा जो अवधी तेथे छापलेला असतो तो प्रयोगशाळेतील ठराविक आर्द्रतेचा असतो, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत तो सहज दुणावतो.

तेव्हा ज्यांच्या हाती मक्त्याचा करारनामा लिहिणे आहे त्यांना एवढीच विनंती, की त्यात काम पुरे करण्याच्या मुदतीबरोबर प्लास्टिकच्या परीक्षेची अट घालावी, परीक्षेच्या वेळी आपला माणूस हजर राहील असे लिहून घ्यावे, आणि पृष्ठभाग ओला आढळल्यास मुदत विनादंड वाढेल असे कलम जोडावे. त्या कलमावाचून कोणताही मक्तेदार तुमच्या सोयीसाठी ओल्या जमिनीवर रंग मारावयास नाही म्हणणार नाही.