हवेची कप्पी उघडताना

कारखान्यात जड यंत्रे उचलायला साखळीची कप्पी असते. काही कप्प्या दाबलेल्या हवेवर चालतात. अशी कप्पी दुरुस्तीला कशी उघडावी?

आधी ओझे जमिनीवर टेकवा. हवेचा नळ बंद करा. पण थांबा! नळीत हवा कोंडलेली असते. खटका दाबून ती सोडून द्या. मगच नळी काढा. नाहीतर मोटार अचानक फिरेल आणि बोटे जातील.

मोटारीतली पाती झिजली, की कप्पीचा जोर कमी होतो. पाती बदला. साखळीला तेल द्या. ब्रेकच्या कोरड्या चकत्यांना मात्र थेंबही लागू देऊ नका. ब्रेक घसरला, की ओझे कोसळलेच! साखळी झिजली, तर डाग देऊ नका, नवीच घाला.

जोडल्यावर आधी रिकामी चालवून पाहा. आणि टांगलेल्या ओझ्याखाली कधी उभे राहू नका, बरे का! घरी तुमची वाट पाहत असतात.