नगररचना : एक दुर्लक्षित नोकरी

सिव्हिलचा डिप्लोमा झाला की आपली मुले ठेकेदाराकडे साइटवर जातात. नगररचना विभाग बहुतेकांना ठाऊकच नसतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार शहराचा विकास आराखडा होतो. रस्ता कोठून जाणार, शाळेसाठी कोणती जागा राखणार, हे त्यात ठरते. कोल्हापूरभोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ साली प्राधिकरण झाले, तेही याच कामासाठी.

या विभागातील रचना सहायक पदास सिव्हिलचा तीन वर्षांचा डिप्लोमा चालतो. २०२४ च्या भरतीत वेतनश्रेणी ३८,६०० ते १,२२,८०० रुपये होती, भत्ते वेगळे. वरचे सहायक नगररचनाकार हे पद लोकसेवा आयोगामार्फत भरतात.

नकाशावर रेघ ओढणाऱ्यांत वस्तीत वाढलेला माणूसही असावा, असे आम्हांस वाटते. विद्यार्थ्यांनो, जाहिरातीवर लक्ष ठेवा.